सायकलनं कात्रेनगर

सायकल भिंतीला टेकवा आणि इकडे टेबलाशी या. एक वही घ्या, पेन घ्या, फोन चार्जिंगला लावा. आपल्याला रायपूरहून निघून तीन दिवसांत चांप्याजवळच्या कात्रेनगरला पोचायचं आहे, म्हणजे भारतीय कुष्ठ निवारक संघाच्या आश्रमात. सदाशिवराव कात्रे आणि दामोदर गणेश बापट ही नावं तुम्ही घरी कधीतरी ऐकली असतीलच. त्यांचाच हा आश्रम. आपण जाणार आहोत आश्रमासाठी देणगी जमवत.

अंतराला घाबरू नका. पहिल्या दिवशी ८५-९० किलोमीटर, दुसऱ्या दिवशी ७०, तिसऱ्या दिवशी ६५. उतरती भाजणीच म्हणा. रस्ता जवळजवळ सपाट आहे. शिवाय भाटापारा, बिलासपूर आणि चांपा हे तिन्ही मुक्काम एकाच रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे कुणाचा गुडघा संपावर गेला तर त्याला गाडीत बसवून घरी पाठवता येतं.

लागणारं सामान असं: धडधाकट सायकल (गिअरची असली तर बरं, नसली तरी चालेल), हेल्मेट, मागचा लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा, २ जादा ट्यूब, पंप, पंक्चरची पेटी, पाण्याच्या २ बाटल्या आणि दहा आठवडे. दहा आठवडे लिहिलेत ना वहीत? म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पहिली पायरी झालीच पाहिजे.

आधी फोन

१. आश्रमाला फोन करा. "आम्ही ३० जानेवारीला सायकलनं येऊ का? तुम्हाला कशाची गरज आहे?" एवढे दोनच प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत लिहा. कधी पैशांपेक्षा धान्य हवं असतं, कधी औषधं, कधी पांघरुणं. परस्पर जाऊन दारात उभे राहू नका. आपल्या हौसेसाठी त्यांचा दिवस मोडतो.

२. तारीख पक्की करा. २८, २९, ३० जानेवारी सायकल आणि ३१ ला परत. ३० जानेवारी हा आपल्याकडे कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळतात, त्यामुळे लोकांना निमित्त समजावून सांगायला सोपं जातं. त्या दिवशी आश्रमात आधीच गर्दी असेल आणि त्यांनी दुसरी तारीख दिली, तर मुकाट्यानं ती घ्या.

३. जथा जमवा. चार ते आठ माणसं. ओळखी कमी असतील तर चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात विचारा. आठच्या वर नको: ढाब्यावर एका वेळी चहा मिळत नाही आणि रस्त्यावर शेपूट फार लांबतं.

४. एक छोटा हाथी, म्हणजे मिनी ट्रक, ठरवा, चारही दिवसांसाठी. जाताना तो पिशव्या नेईल, येताना सायकली. ड्रायव्हरला आधीच बजावा, की आमच्या मागे हळूहळू रांगायचं नाही; हायवेवर मागून येणारा ट्रक अशा रांगणाऱ्या गाडीवरच आदळतो. त्यानं २० किलोमीटर पुढे जाऊन, रस्त्याच्या खाली उतरून थांबायचं.

५. मुक्काम फोनवर सांगून ठेवा. तीनही ठिकाणी एकच प्रश्न आग्रहानं विचारा: सायकली आत, तळमजल्यावर, कुलपात ठेवायला जागा आहे का? "हो जाएगा भैया" हे उत्तर नाही. कुठे ठेवणार ते विचारा.

६. खर्चाची वेगळी वही करा. लॉज, जेवण, गाडीभाडं, सगळं आपापल्या खिशातून, समान वाटून. इथे मी जरा हट्टी आहे: देणगीतून चहासुद्धा प्यायचा नाही. "खर्च काढून उरलेले देऊ" असं म्हणणारा जथ्यात असेल तर त्याला प्रेमानं समजवा. नाही समजला तर त्याची सायकल त्याला लखलाभ.

मग मागणं

७. आपला आकडा काढा. एकूण अंतर साधारण २२५ किलोमीटर. किलोमीटरला १० रुपये धरले तर एका देणगीदाराचे २,२५० होतात. ५ रुपये धरले तर १,१२५. लोकांना असा हिशेब आवडतो, कारण तुमच्या घामाला भाव लागलेला दिसतो.

८. निरोप लिहा, पाच ओळींचा. हा घ्या नमुना: "काकू, मी २८ जानेवारीला रायपूरहून सायकलनं चांप्याच्या कुष्ठाश्रमात जातोय. तीन दिवस, सव्वादोनशे किलोमीटर. माझा खर्च माझा. तुम्ही किलोमीटरला ५ किंवा १० रुपये आश्रमाला द्याल का? पैसे थेट आश्रमाच्या खात्यात, पावती तुमच्या नावानं." यात आजाराची करुण वर्णनं घालू नका. तिथली माणसं दया दाखवायच्या वस्तू नाहीत.

९. एकेकाला वेगळं मागा. फोन करा किंवा घरी जा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेल्या आवाहनाला चाळीस अंगठे येतात आणि रुपया येत नाही. मागायची लाज वाटते? पौष पौर्णिमेला छेरछेरा मागत दारोदार फिरणारी पोरं आठवा. टोपली पुढे करताना एकाही पोराची मान खाली नसते, आणि धान घालणाऱ्याचीही कपाळाला आठी नसते. पौष पौर्णिमा बहुधा जानेवारीतच येते. त्या आठवड्यात मागायला निघालात तर अख्खं छत्तीसगड तुमच्या बाजूनं असतं.

१०. पैसे थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगा. खात्याचा तपशील आश्रमाकडूनच, लेखी मागवा. तुमच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही घेऊ नका. चांगल्या माणसाचंही नाव यात खराब होतं.

११. करसवलतीची पावती हवी असेल त्यांच्याकडून पॅन आणि पत्ता घ्या. संस्थेला ८०जीची मान्यता चालू आहे का, हेही त्याच फोनवर विचारून घ्या. २,००० रुपयांच्या वरची रोख देणगी ८०जीत बसत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ही वजावट मिळतच नाही. हे आधी सांगा, नाहीतर मार्चमध्ये फोन तुम्हाला येतो.

सायकलकडे वळा

१२. सीटची उंची लावा. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला की उंची बरोबर. गुडघा वाकलेला राहिला तर सीट वर घ्या. नव्वद टक्के लोक सीट खाली ठेवतात आणि मग गुडघ्याला दोष देतात. (हा आकडा माझ्या डोळ्यांचा आहे, शास्त्राचा नाही.)

१३. टायर तपासा. नक्षी झिजलेली किंवा बाजूला भेगा असतील तर आत्ताच बदला. आदल्या दिवशी नवं टायर घालू नका. निदान शंभर किलोमीटर ते घरच्या रस्त्यावर पळू द्या.

१४. ब्रेकचे रबर बदला. सायकल उभी करून पुढचा ब्रेक दाबा आणि ढकला. चाक सरकलं तर तार ओढून घ्या.

१५. जादा ट्यूब विकत घ्या, जुनी ट्यूब हातात घेऊन. मापही तेच हवं आणि वॉल्व्हही तोच. आमच्यातला एक जण ऐटीत दोन नव्या ट्यूब घेऊन निघाला होता. दोन्हींचे वॉल्व्ह जाड, रिमचं भोक बारीक. नंतरचा अर्धा तास आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो होतो.

१६. पंक्चर काढायला शिका. घरी, पंख्याखाली, तीनदा. चाक सोडवा, ट्यूब बाहेर काढा, आणि नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोटं फिरवा. ही शेवटची गोष्ट सगळे विसरतात. खिळा आतच राहतो आणि दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही जाते. बोटं सावकाश फिरवा, खिळा बोटालाही टोचतो.

दहा आठवड्यांचा सराव

१७. पहिले चार आठवडे नवा रायपूर गाठा, आठवड्यातून तीन वेळा. तेलीबांधा तलावापासून पुरखौती मुक्तांगणपर्यंत जाऊन परत आलात की चाळीसेक किलोमीटर होतात. सुरुवातीला अर्ध्या वाटेवरूनच वळा. वेगाचा विचार नको. शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे, एवढाच वेग.

१८. पाचव्या आठवड्यापासून दर रविवारी राजीम करा. जाऊन-येऊन नव्वदच्या आसपास. महानदीच्या घाटावर बसून खा, पण पंधरा मिनिटांत उठा. जास्त बसलात की पाय लाकडाचे होतात.

१९. आठव्या आणि नवव्या आठवड्यात लागोपाठ दोन दिवस चालवा. शनिवारी राजीम, रविवारी नवा रायपूर. तीन दिवसांच्या प्रवासाचं खरं गुपित इथेच आहे: नव्वद किलोमीटर कुणीही मारतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर परत बसणं ही परीक्षा असते. रविवारी बसवतच नसेल, तर सीट, चड्डी किंवा उंची यापैकी काहीतरी चुकलंय. जानेवारीच्या आत शोधा.

२०. दहाव्या आठवड्यात आराम करा. दोनदा, वीस-वीस किलोमीटर, बास. "शेवटचा जोर" म्हणून शंभर मारणाऱ्याला दुसऱ्या दिवशी घरीच ठेवावं लागतं.

२७ जानेवारीची संध्याकाळ

२१. पिशवी भरा. सायकलवर स्वतःजवळ फक्त ट्यूब, पंप, पाने, पाणी, खाऊ, थोडी रोख, ओळखपत्र आणि फोन. बाकी सगळं छोट्या हाथीत. पाठीला सॅक लावू नका. दुपारी खांदे बोलायला लागतात.

२२. खाऊच्या पुड्या बांधा. शेंगदाण्याची चिक्की, खजूर, गूळपोळीचे तुकडे. संक्रांत नुकतीच झालेली असते, घरात तिळगूळ उरलेला असेल तर तोही. चॉकलेट नको, वितळतं.

२३. साखर-मिठाच्या पुड्या करा. १ लिटर पाण्याला ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही छोट्या चमच्यानं. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त मीठ उलट बाधतं.

२४. दोन नंबर फोनमध्ये घाला: ११२ आणि राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३.

पहिला दिवस: रायपूर ते भाटापारा

२५. मांड्यांना खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा. गादीची सायकल-चड्डी घालणार असाल तर तिच्या आत दुसरी चड्डी नको. लाजू नका, शिवणीनं साल निघालं की तीन दिवस उभ्यानं जेवाल.

२६. उजाडल्यावर निघा. अंधारात नाही. हे दिवस धान खरेदीचे असतात; मागचा दिवा नसलेली, धानाच्या पोत्यांनी लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात दिसतच नाही, आणि बिलासपूर रस्त्यावर निवांत बसलेली गुरंही दिसत नाहीत. धुकं असेल तर टपरीवर चहा घेत थांबा.

२७. फाफाडीह, भनपुरी, बिरगाव असे बाहेर पडा आणि सिलतरा एका दमात पार करा. नाकातोंडावर रुमाल बांधा. कारखान्यांची काळी धूळ आणि वळणारे ट्रक, दोन्ही इथेच. ट्रकच्या डाव्या कुशीत कधी शिरू नका. ड्रायव्हरला तुम्ही तिथे दिसत नाही.

२८. धरसीवाच्या पुढे एका रांगेत या. पांढऱ्या पट्ट्याच्या डावीकडे, दोन सायकलींत एका सायकलीचं अंतर. समोरून, चुकीच्या बाजूनं येणाऱ्या मोटारसायकली दिसतीलच. त्यांना वाट देण्यासाठी उजवीकडे झेपावू नका, वेग कमी करा आणि मागे बघून मगच सरका.

२९. दर तासाला काहीतरी खा. भूक लागण्याची वाट बघू नका, भूक लागली म्हणजे उशीर झालाच. सिमग्याला नाश्ता करा, पण पोहे-जलेबी जरा बेतानं. जलेबीच्या तिसऱ्या प्लेटीनंतर सायकल चढाला लागते, आणि इथे चढ नाहीच.

३०. वाऱ्याला आळीपाळीनं तोंड द्या. थंडीत वारा बहुतेक उत्तरेकडून येतो आणि आपण उत्तरेलाच चाललोय. पुढच्यानं दहा मिनिटं ओढावं, मग बाजूला होऊन मागे जावं. मागच्यानं चाकाला चाक चिकटवू नये. पुढच्यानं ब्रेक मारला की पडतो तो मागचा.

३१. नांदघाटला शिवनाथचा पूल ओलांडायच्या आधी थांबून रस्ता विचारा. इथे हायवे सोडून उजवीकडे, भाटापाऱ्याच्या रस्त्याला लागायचं आहे. गप्पांच्या नादात सरळ गेलात तर आजच बिलासपूर येईल, आणि उद्या तुम्ही उठणार नाही.

३२. भाटापाऱ्यात पोचल्यावर आधी चेन पुसा. आंघोळ नंतर. एकदा पलंगावर टेकलात की चेन तशीच राहते. ही पोह्यांच्या गिरण्यांची पेठ आहे. किलोभर पोहे घ्यायचा मोह झाला तर ते गाडीत टाका, कॅरिअरला लटकवू नका.

दुसरा दिवस: भाटापारा ते बिलासपूर

३३. पहिले दहा किलोमीटर हळू जा. बूड दुखेल, मांड्या कुरकुरतील. अर्ध्या तासात दोन्ही गप्प होतात. गुडघ्यात टोचल्यासारखं दुखत असेल तर मात्र ते ऐका. त्या माणसाला स्टेशनवर सोडा, त्यात नामुष्की काही नाही.

३४. नांदघाटला परत हायवेवर येऊन बिलासपूरकडे वळा. पुलांच्या सांध्यांवर लोखंडी फटी असतात. चाक त्यांच्यावरून आडवं, काटकोनात न्या. तिरकं नेलं तर टायर अडकतं.

३५. बिलासपुरात दुपारीच मुक्काम करा. अरपेच्या काठी संध्याकाळी फिरून या, नऊला दिवा बंद. कुणीतरी सिनेमाची टूम काढतोच. नाही म्हणा.

तिसरा दिवस: बिलासपूर ते कात्रेनगर

३६. अकलतरा-जांजगीर रस्त्यानं निघा. कोळशाचे ट्रक याच वाटेवर भेटतात. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी वारा ढकलतो आणि लगेच ओढतो. दोन्ही हात हँडलवर, कोपर सैल. पाणी प्यायला हीच वेळ निवडू नका.

३७. चांप्याला थांबून तोंड धुवा, शर्ट बदला. इथून सोंठीचा रस्ता विचारा, आश्रम आठ-दहा किलोमीटरवर आहे. कोशाच्या साडीच्या दुकानात आत्ता शिरू नका, घरून फोन आला तरी.

३८. आश्रमाच्या फाटकाबाहेर सायकलीवरून उतरा आणि चालत आत जा. घोषणा, शिट्ट्या, बॅनर बाहेरच ठेवा.

३९. नमस्कार करा, कुणी हात पुढे केला तर हातात हात घ्या. उपचार घेतलेल्या माणसाचा हात धरल्यानं काही होत नाही. बोटं वाकडी झालेली असतात, आजार गेलेला असतो. क्षणभर कचरलात तर समोरच्याला कळतं. बोलताना "रोगी" हा शब्द टाळा. नाव विचारा, नावानं हाक मारा: काका, दादी, भैया, जे तोंडात येईल ते.

४०. फोन खिशात ठेवा. फोटो हवाच असेल तर आधी विचारा, आणि जखमेचा, हातापायांचा फोटो विचारूनही नको. सायकलींचा काढा, झाडांचा काढा.

४१. जेवायला बसवलं तर पंगतीत बसा. "आम्ही आणलंय" म्हणून डबा उघडणं, हा या तीन दिवसांत करता येण्याजोगा सगळ्यात मोठा अपमान आहे.

४२. कार्यालयात जाऊन देणगीदारांची यादी द्या. नाव, रक्कम, पॅन, पत्ता. पावत्या कधी मिळतील ते विचारा आणि तारीख वहीत लिहा. मोठ्या पुठ्ठ्याच्या चेकसोबत फोटो काढायची कल्पना कुणाच्या डोक्यात असेल तर ती चांप्यातच उतरवून या.

परत

४३. ३१ ला सायकली छोट्या हाथीत चढवा. हँडल आडवं फिरवा, दोन सायकलींत जुनी गोधडी घाला, दोरी फ्रेमला बांधा. गिअरच्या बाजूनं सायकल कधी आडवी करू नका. पार्सल ऑफिसमधून रेल्वेनं नेण्याची सोय असते, पण चांप्याला गाडी थोडाच वेळ थांबते आणि सायकल फलाटावरच राहिली तर दिवस तिथेच जातो.

४४. तुम्ही चांपा स्टेशनवरून रायपूरची गाडी पकडा. जागा मिळाली तरी तासभर उभे राहाल, बघा.

४५. घरी आल्यावर तीन दिवसांत हिशेब पाठवा. ज्यानं-ज्यानं दिलं त्याला एकेकट्याला: किती जमले, पावती कधी येईल, आणि चेन पुसतानाचा तुमचा एक फोटो. ज्यांनी "देतो" म्हटलं आणि दिले नाहीत, त्यांनाही पाठवा. काही लिहू नका. त्यातले निम्मे त्याच संध्याकाळी भरतात.

४६. सायकल धुवा, चेनला तेल द्या. पाइपाच्या फवाऱ्यानं धुवू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्यानं.